सात उपाशी पोटं आणि खोली क्रमांक चौदा

खाटेजवळची सोनोग्राफी शिकवायची, पण यंत्र कुठल्याही खाटेजवळ न्यायचं नाही, अशी मला परवानगी मिळाली. परवानगीच होती ती. तिच्यावर गोल शिक्का होता आणि जावक क्रमांकही होता.

मी यवतमाळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. बाळंतपणाची रजा संपवून परत आले ती ही कल्पना घेऊनच. रजेत माणसाला कल्पना सुचू नयेत खरं तर, पण प्रेरणाला, म्हणजे माझ्या मुलीला, मांडीवर घेऊन तासन्‌तास बसावं लागे, आणि हात अडकलेले असले की डोकं मोकाट सुटतं. कल्पना साधी होती. आमची मुलं पुस्तकात पोटाची चित्रं बघून डॉक्टर होतात. त्याऐवजी त्यांनी पेशंटच्या उशाशी उभं राहावं, हातातला प्रोब पोटावर टेकवावा आणि आत पाणी झालंय का, हृदय नीट धडकतंय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. त्यासाठी यंत्रही आलं होतं. जुन्या विद्यार्थ्यांनी भेट दिलेलं, चारपुडी डब्याएवढं, एका हातात उचलता येईल असं. ते मी कार्यालयात पूनमसिंग बाबूंच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे मशीन कोठी ठेवाचं हाये?"

"ठेवायचं नाही. वॉर्डातून फिरवायचं."

पूनमसिंगनी चष्मा काढला. टिपेश्वरचा वाघ वॉर्डात मोकळा सोडू का, असं मी विचारल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

"फिरवाचं?"

"हो. खाटेजवळ नेऊन मुलांना शिकवायचं."

त्यांनी फाईल उघडली, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर आणलं आणि ते बोट तिथेच रोवलं. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र सरकारदरबारी नोंदलेलं असतं, कारण त्याचा गैरवापर करून लोक पोटातल्या मुलीचा जीव घेतात. कायदा चांगलाच आहे. मुलीची आई म्हणून मी त्याला रोज मनातल्या मनात नमस्कार करते. फक्त आमच्या नोंदणीच्या अर्जात 'यंत्राची जागा' या रकान्यात कुणीतरी 'संपूर्ण रुग्णालय' लिहायच्या ऐवजी 'खोली क्रमांक चौदा' लिहून टाकलं होतं. ते अक्षर पूनमसिंगचंच होतं, हे मी ओळखलं. मी ओळखलं हे त्यांनी ओळखलं. पण आम्ही दोघंही सुसंस्कृत माणसं.

"मंग बदलून घ्या ना जी," ते म्हणाले. "अर्ज करा. अधिष्ठाता सायबाची सही आणा. सही असली का म्या शिक्का मारतो आन् पुढं कमिटीकडं धाडतो."

अर्ज मी त्याच दिवशी केला. तो अधिष्ठाता साहेबांच्या टेबलावर दोन महिने होता. साहेब जुने सर्जन. पेशंटच्या पोटावर हात ठेवून आतलं सांगायचे अशी त्यांची ख्याती, आणि ती ख्याती सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत. दर आठवड्याला मी केबिनमध्ये डोकावायची, दर आठवड्याला अर्जावर एक नवीन फाईल चढलेली असायची. शेवटी एका सोमवारी त्यांनी अर्ज खालून ओढून काढला.

"सुरभी मॅडम, आमच्या वेळी ही खेळणी नव्हती. बोटांना डोळे होते."

"हो सर."

"बरं, एक काम करा. शनिवारी अकरा वाजता मी चौदा नंबरमध्ये येतो. तुमच्या दहा विद्यार्थ्यांनी माझ्यासमोर पित्ताशय शोधून दाखवायचं. दाखवलं तर सही. नाही दाखवलं तर यंत्र कपाटात आणि तुम्ही वर्गात, फळ्यासमोर."

पित्ताशय काढण्यात साहेबांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे माणसाच्या पोटात दुसरं काही पाहण्यालायक असतं असं त्यांना वाटत नसावं. मी 'हो' म्हणून बाहेर आले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की शनिवारला पाचच दिवस आहेत.

पहिला प्रश्न खाटेचा. यंत्र खाटेकडे जात नसेल तर खाट यंत्राकडे आणावी, इतका सोपा विचार मी केला. वॉर्डातली लोखंडी खाट आणि चौदा नंबरचं दार, दोन्ही मी ओढणीनं मोजली. खाट दारापेक्षा चार बोटं जास्त रुंद निघाली. मी ती तिरपी करून पाहायचं सुचवल्यावर वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, पेशंटसकट तिरपी करता का?" पुढे आणखी म्हणाल्या, "वॉर्डातला पेशंट वॉर्डातच राहीन. तुमचं चौदा नंबर तुमालेच लखलाभ." चार पावलं गेल्यावर मागून हसण्याचा आवाज आला. मी मान ताठ ठेवून चालत राहिले, पण ताठ मानेनं चालताना ओढणी जमिनीला घासत होती.

तेव्हा घरची फोल्डिंगची खाट आठवली. ती माझ्या सासऱ्यांची. सदाशिवराव, म्हणजे बाबा, बोरी अरबहून खास प्रेरणाला सांभाळायला येऊन राहिलेत, कारण माझा नवरा कपिल वणीला कोळसा खाणीच्या ऑफिसात असतो आणि रविवारी पाहुण्यासारखा येतो. बाबांनी शेत भाच्याच्या हवाली केलं आणि नातीचा ताबा घेतला. माणूस शांत. मी मात्र प्रेरणाचे श्वास मोजते. झोपलेली असली की मोजतेच, जागी असली की तिला कळू न देता मोजते. मी कॉलेजात असताना बाबांनी दर तासाला मला तिचा अहवाल पाठवायचा, असा आमच्यात करार आहे. लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून ते बोलून पाठवतात.

"बाबा, तुमची खाट शनिवारपुरती दवाखान्यात न्यायची आहे."

"खाट? बिमार कोन हाये?"

"कुणीच नाही. मुलांना शिकवायचंय."

"मंग खाट कायले पायजे? खुर्ची नाही का चालत?"

मी समजावलं. आणि समजावता समजावता तालीमही करून टाकावी म्हणून बाबांना त्याच खाटेवर झोपवलं, बनियन वर केलं आणि टीव्हीचा रिमोट प्रोबसारखा धरून बरगड्यांखाली टेकवला. "श्वास घ्या. धरून ठेवा. पोट फुगवा." बाबांनी आज्ञाधारकपणे पोट फुगवलं. पोटानं रिमोट दाबला गेला आणि टीव्हीवरची कुस्ती जाऊन भजन लागलं. प्रेरणाला ही युक्ती इतकी आवडली की पुढचे दोन दिवस ती दिसेल त्या पोटावर रिमोट दाबत होती. शेजारच्या प्रभावतीकाकू साखर द्यायला आल्या, तर त्यांच्याही.

आता काकूंविषयी. प्रभावतीकाकू निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पण निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचलेली नाही. आमच्या कॉलनीत कुणाकडे गॅस संपला, कुणाच्या मुलीचं जमत आलं, कुणाच्या दारात कुत्रं व्यालं, सगळीकडे काकूंचा सल्ला आधी पोचतो. खाट उभी बघून त्यांनी चौकशी केली आणि पाच मिनिटांत कार्यक्रम ताब्यात घेतला.

"म्हंजे तुले पोटं पायजे."

"हो काकू. निरोगी पोटं. सात तरी."

"बायाचे का मानसाचे?"

हा प्रश्न पूनमसिंगनी आधीच निकालात काढला होता. "बाया नोका आणू, मॅडम," त्यांनी बजावलं होतं. "एक बाई आली का दहा प्रश्न. इचारनार, पोटुशी हाये का, कितवा महिना. मले जबाब द्या लागते." मी म्हटलं, मग मीच झोपते खाटेवर, घरचीच बाई. तर ते म्हणाले, "तुमी तं बिलकुल नोका. तुमची आत्ताच रजा झाली ना जी." माझंच यंत्र, माझंच पोट, आणि दोघांची गाठ पडायला बंदी! अपमान एवढा झाला की मी त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला.

"माणसांचीच," मी काकूंना सांगितलं. "वयस्कर असले तरी चालतील."

"मंग आपलं फिरनं मंडळ हायेच की!"

काकूंच्या ओट्यावर रोज सकाळी सात निवृत्त गृहस्थ फिरून आल्यावर बसतात. कुणी तलाठी होते, कुणी पोस्टात, धावजी एसटीत कंडक्टर. धावजी मूळचे नेर तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरचे. मुलाच्या घरी राहायला म्हणून आमच्या कॉलनीत आले, आणि आता कॉलनीच त्यांच्या घंटीवर चालते. दोघे जास्त वेळ गप्पा मारत उभे राहिले की ते मागून "चला, पुढं सरका" म्हणतात. सातही जण लगेच तयार झाले. फुकट सोनोग्राफी आणि वर डॉक्टरच्या पोरापोरींचं कौतुक, नाही कोण म्हणणार?

राहिलं फक्त उपाशीपण. पित्ताशय ही एक छोटी पिशवी असते. उपाशी माणसात ती पित्तानं भरून चांगली नाशपातीएवढी होते आणि यंत्रावर काळीभोर, ठसठशीत दिसते. माणसानं खाल्लं की ती पिळली जाते, आणि मग शोधत बसा. म्हणून मी सूचनापत्रक लिहिलं. मी सूचना फार काळजीपूर्वक लिहिते. तीन वेळा खाडाखोड केली, कपिलला फोनवर वाचून दाखवली, आणि शेवटी एकच स्वच्छ वाक्य ठेवलं: 'शुक्रवारी रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काहीही घेऊ नये.' सात प्रती काढल्या. काकूंनी वाटल्या. मी स्वतःवर खूश होते. हे सांगायला आता लाज वाटते, पण होते.

शनिवारी सकाळी मी लवकरच चौदा नंबरमध्ये गेले. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी पूनमसिंगनी जातीनं येऊन सरळ केली. बाबांची खाट खिडकीशी लावली. दहा विद्यार्थी आले, पांढरे कोट, प्रत्येकाच्या तोंडावर परीक्षेचा रंग. त्यात पुष्पा सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. पुष्पा दारव्हा तालुक्यातल्या तांड्यावरची. लेखी परीक्षेत पहिली येते, आणि प्रोब हातात दिला की तो तिच्या हातात असा थरथरतो की पडद्यावर माणसाचं यकृत नाचताना दिसतं. त्या आठवड्यात तिनं तीनदा मला विचारलं होतं, "मॅडम, माहा नंबर शेवटी लावता का?" मी लावला होता. मला वाटलं, तिची पाळी येईपर्यंत साहेबांना कंटाळा येईल.

साडेनऊला दोन ऑटो आल्या. सातही गृहस्थ उतरले; धुतलेले कपडे, कपाळाला गंध, चेहऱ्यावर तृप्ती. तृप्तीच मला खटकली. आणि मग वास आला. तर्रीचा. यवतमाळात राहणाऱ्या माणसाला तो वास झोपेतही कळतो.

"काकू," मी विचारलं, "ह्यांनी काही खाल्लं?"

"खाल्लं कायचं? पोहेच केले मी. तर्री-पोहे."

"काकू! उपाशी यायचं होतं!"

"मंग! रातभर उपाशीच होते ना बिचारे." काकूंनी पिशवीतून माझं पत्रक काढलं आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "शुक्रवारी रात्री नऊनंतर. रात्र सरली. सकाळचं तू लिवलं कोठी? सात मानसं माह्या ओट्यावर उपाशी बसवाची, आन् मी आत पोळी खाची? लोक काय म्हनतीन?"

मी पत्रक घेतलं. वाचलं. वाक्य खरोखर स्वच्छ होतं. त्यात सकाळ नव्हती.

"काहो मॅडम," तलाठी राहिलेले गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "एकेकच प्लेट खाल्ली आमी. धावजीनं दोन."

"आन् च्या तीनदा झाला," धावजी म्हणाले. "ऑटोवाल्यानं उशीर केला, मंग काय करता?"

काही तज्ज्ञ म्हणतात, संकटकाळी दीर्घ श्वास घ्यावा. मी घेतला. त्यात तर्रीचाच वास होता.

दहाला वर्ग सुरू झाला. पोटांवर जेल पडलं, "थंड हाये ना बे!" असे उद्गार निघाले, आणि पडद्यावर दिसलं ते असं: पोहे. फक्त पोहे, शेंगदाणे, आणि तर्रीतल्या चण्यांनी तयार केलेला वायू. सोनोग्राफीला वायूपलीकडचं दिसत नाही. धुक्यात गाडीचा दिवा लावावा तसा सगळा पांढरा फटफटीत पडदा. सातही पित्ताशयं रिकामी होऊन वाळक्या मनुकेसारखी कुठेतरी लपून बसली होती. पहिला विद्यार्थी घामाघूम. दुसरीनं एक काळा ठिपका दाखवला, ती रक्तवाहिनी निघाली. तिसऱ्यानं प्रोब इतका दाबला की पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "पोरा, शिक्का मारून राह्यला का?"

बरोब्बर अकराला साहेब आले. खुर्चीवर बसले, घड्याळ काढून हातात धरलं आणि म्हणाले, "हं. दाखवा."

मी कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गडबडीत माझं बोट भलत्याच ठिकाणी पडलं आणि बाबांचा अहवाल खोलीभर घुमला: "सुरभी, शी झाली. पिवळी हाये. मऊ हाये. चिंता नोको करू." दहा विद्यार्थ्यांनी एकाच वेळी छताकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

एकामागून एक नऊ जण हरले. साहेबांचा चेहरा मात्र उजळत चालला होता. बोटांना डोळे असणाऱ्या पिढीचा विजय होत होता ना. माझा अर्ज त्यांच्या हातात नुसता पंख्यासारखा हलत होता. नववा मुलगा मागे सरकला आणि मी नाइलाजानं म्हटलं, "पुष्पा."

खाटेवर तेव्हा धावजी होते. पुष्पा आली. तिचा हात थरथरत होताच. प्रोब बरगडीखाली ठेवायचा, तर जेलवरून घसरत घसरत तो थेट ओटीपोटावर गेला, आणि अचानक पडद्यावर प्रचंड, काळाकुट्ट, गोल डोह उमटला.

"मॅडम!" पुष्पा ओरडली. "सापडलं! पित्ताशय सापडलं!"

मग साहेब उठून पडद्याजवळ आले.

"मुली," ते म्हणाले, "एवढं पित्ताशय असतं ना, तर ते काढायला मला जेसीबी लागला असता. हे मूत्राशय आहे. तीन चहा आहेत ते."

सगळे हसले. साहेब हसले, मुलं हसली, धावजी हसले, आणि हसल्याबरोबर त्यांना खाट धरावी लागली. पुष्पा हसली नाही. तिनं प्रोब खाली ठेवला आणि तिचे डोळे भरून यायला लागले. मला तिथेच बसून रडावंसं वाटत होतं, पण वर्गात शिक्षकानं आधी रडायचं नसतं. आणि नेमक्या त्या वेळी तलाठी राहिलेल्या गृहस्थांनी दारातून विचारलं, "मॅडम, बाथरूम कोठी हाये जी? आमाले सगळ्यायलेच जा लागते."

माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

"थांबा! कुणीही जायचं नाही!"

"अवो पन मॅडम..."

"दोनच मिनिटं. सर, पित्ताशय आज उपाशी नाही, हे मान्य. चूक माझ्या पत्रकाची आहे. पण सात भरलेली मूत्राशयं पुन्हा कधी मिळणार? मुलं आत्ता मोजतील. मग हे जाऊन येतील. परत आल्यावर मुलं पुन्हा मोजतील. किती उरलं, ते सांगतील."

साहेब काही बोलणार होते, पण दारातली सात माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागली होती, आणि त्या दृश्यापुढे कुणालाही फार वेळ विचार करता येत नाही. "करा, करा," ते म्हणाले. "लवकर करा."

असा वर्ग मी पुन्हा कधी घेतला नाही. लांबी, रुंदी, उंची! गुणाकार! मुलं आकडे ओरडत होती, एक जण फळ्यावर लिहीत होता, पोस्टातले गृहस्थ "माहं आधी घ्या बापा, माहं आधी" म्हणत खाटेवर जवळजवळ उडी मारत होते. तीनशे वीस मिली! दोनशे नव्वद! चारशे दहा! चारशे दहावाले तलाठी अभिमानानं इतरांकडे बघत बाथरूमकडे धावले. जी विद्यार्थिनी सकाळी रक्तवाहिनी आणि पित्ताशय यांत गडबड करत होती, तिला आता जे दिसत होतं ते खरंच तिथे होतं. एकेक जण परत येऊन, "हुश्श" म्हणत झोपत होता आणि डोह नाहीसा झालेला दिसत होता. पंधरा मिली. तीस. दहा. त्या गडबडीत साहेबांची खुर्चीही मधे दोनदा रिकामी दिसली. धावजी मात्र सगळ्यांच्या शेवटी, पुष्पाकडे. त्यांचे आधी सहाशे भरले होते. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ते परत आले. पुष्पानं प्रोब ठेवला. मोजलं. थांबली. पुन्हा मोजलं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"सर... चारशे तीस."

"ते आधीचं असेल."

"नाही सर. आत्ताचं हाये."

"चुकलं असेल तुझं. पुन्हा मोज."

माझा हात प्रोब घ्यायला पुढे झाला होता. घरी प्रेरणा उभी राहायला लागली की होतो तसा, न विचारता. मी तो हात दुसऱ्या हातानं धरला आणि मागे नेला. पुष्पानं तिसऱ्यांदा मोजलं. तिचा प्रोब हलत नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिच्या लक्षात आलेलं नसावं.

"सर," ती म्हणाली, "तीनदा मोजलं मी. चुकलं नाही माहं."

मग ती धावजींकडे वळली आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत हळू आवाजात काहीतरी विचारलं. इतका वेळ चालू असलेली धावजींची चेष्टा थांबली. छताकडे पाहत त्यांनी चार-दोन शब्दांत उत्तर दिलं. पुष्पानं आणखी विचारलं. आता ते पुष्कळ बोलले.

"मॅडम, सहा महिन्यापासून होऊन राह्यलं," ती म्हणाली. "घंटाघंट्यानं जा लागते, तरी साफ होत नाही. घरी कोनालेच सांगतलं नाही."

"काय सांगनार?" धावजी मराठीत म्हणाले. "चाळीस वर्स गाडीत होतो. रोकाची सवय हाये मले. वाटलं, म्हातारपनाचं असन. सुनेले सांगाचं का हे?"

साहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि पडद्यावरचं चित्र जवळून पाहिलं. मग पुष्पाला विचारलं, "खाली हा फुगवटा दिसतो का तुला? हे काय आहे?"

"प्रोस्टेट ग्रंथी, सर. मोठी झाली हाये."

"बरोबर." साहेब धावजींना म्हणाले, "घाबरू नका. सोमवारी माझ्याकडे या. बहुतेक गोळ्यांनी काम होईल. आणखी वर्षभर रोखून धरलं असतं, तर मूत्रपिंडं गेली असती."

"सून संग आली तं चालन का?" धावजींनी विचारलं.

"आणाच."

काकू बाहेरून सगळं ऐकत होत्या. त्या आत येऊन म्हणाल्या, "पाहा! च्या पाजला म्हनून कळलं!"

मंडळी ऑटोत बसली, मुलं फळा पुसायला लागली. पुष्पा यंत्राची वायर गुंडाळत होती. साहेब मात्र जाईनात. खिडकीतून बाहेर बघत उभे. मुलं गेल्यावर त्यांनी स्वतः दार लावलं.

"सुरभी मॅडम, ही मुलगी जरा थांबेल का?"

"हो सर. का?"

"नाही, सहज." त्यांनी घसा साफ केला. "मीही आत्ताच जाऊन आलो. वर्ग चालू असताना. दोनदा."

आणि अधिष्ठाता साहेब, ज्यांच्या बोटांना डोळे होते, ते माझ्या सासऱ्यांच्या फोल्डिंगच्या खाटेवर आडवे झाले, आणि त्यांनी शर्ट वर केला. (हे लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. आता ते निवृत्त झालेत, गोळी घेतात, मजेत असतात. परवानगी तोंडीच घेतली. लेखी हवी असती तर पूनमसिंगकडे जावं लागलं असतं.)

पुष्पानं मोजलं.

"किती?"

"एकशे चाळीस, सर."

"चुकलं असेल. पुन्हा मोज."

"तीनदा मोजलं, सर."

साहेब छताकडे बघत राहिले. अर्ज त्यांच्या छातीवर पडला होता आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होता. श्वास मोजायची मला सवयच; मिनिटाला अठरा. ठीक होते. जेलनं माखलेल्या पोटाच्या माणसाशी वाद घालू नये, हे मला कळतं. पण आत्ता नाही तर कधीच नाही, हेही कळत होतं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही चालत चौदा नंबरमध्ये आलात. वॉर्डात जे पडून आहेत, त्यांना येता येत नाही."

त्यांनी फक्त हात पुढे केला. पुष्पानं आधी पुसायला कापूस दिला. साहेबांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, "पेन द्या."

सोमवारी मी अर्ज पूनमसिंगच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. सही अर्जाच्या खालच्या कोपऱ्यात सुरू होऊन चढत चढत पार मजकुरात घुसली होती, आणि तिच्या शेपटाशी जेलचा एक वाळलेला डाग होता.

"मॅडम, हे सायबाचीच सही हाये ना?"

"त्यांचीच."

"मंग अशी वाकडी काहून? झोपून सही केली का सायबानं?"

"हो," मी म्हणाले. "झोपून."

पूनमसिंग माझ्याकडे पाहत राहिले. मग दोन महिन्यांत पहिल्यांदा ते हसले, अगदी खुर्ची मागे कलेपर्यंत. "तुमी बी ना मॅडम, लयच मजाक करता," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि शिक्का मारला.